समुद्राजवळच्या गच्चीवर स्टीलचा मोठा तवा कसा घासायचा, कसा सांभाळायचा

माहीमला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक मोठा स्टीलचा तवा आहे, हल्ली सगळे ग्रिडल म्हणतात तो, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, खाली दोन बर्नर, पुढच्या कडेला तेल ओघळायला खाच आणि तिच्याखाली ट्रे. कोजागिरी, थर्टीफर्स्ट, कुणाच्या घरचं डोहाळजेवण, काहीही असलं की तो बाहेर निघतो, त्यावर घावन होतात, थालीपीठं होतात, बोंबील आणि सुरमई तळली जाते, पोरांसाठी पावभाजी होते. आणि दुसऱ्या दिवशी तो घासायचं काम माझ्याकडे असतं, गेली कित्येक वर्षं.

सुरुवातीला मला वाटायचं की स्टील आहे ना, मग काय, घरातल्या ताटवाटीसारखं घासलं की झालं. पण घरातली ताटं घरात असतात. गच्चीवर समुद्रावरून दिवसभर खारा वारा येतो आणि तो तव्यावर, पायांवर, नटबोल्टवर बसत राहतो. पहिल्याच वर्षी मेच्या शेवटी एका शनिवारी मासे तळले, रात्री उशीर झाला म्हणून नुसता पुसून ताडपत्री टाकली, मध्ये पाऊस सुरू झाला, आठ दिवसांनी उघडलं तर सगळीकडे चहा सांडल्यासारखे तांबूस डाग. तेव्हा मी एकदम घाबरले होते, वाटलं पैसे पाण्यात गेले. नाही गेले, डाग निघाले, पण त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला आणि मला कळलं की मी नको त्या गोष्टीशी भांडत होते. सगळे काळ्या डागांच्या मागे लागतात. काळा डाग तव्याचं काही वाकडं करत नाही. तव्याला खातं ते मीठ, आणि मीठ प्लस ओल प्लस रात्रभर झाकून ठेवणं. खाली जे जे सांगते ते सगळं ह्याच हिशोबाने आहे.

आधी तुमचा तवा कशाचा आहे ते बघा

हे महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच डोसा भट्ट्यांची बॉडी स्टीलची असते पण वरची प्लेट साध्या लोखंडाची असते. ती काळपट असते, जाड असते, आणि तिला तेल पाजून पाजून काळी करायची असते. तिला साबण लावून घासघासून चमकवायला गेलात तर उलट गंजेल. हा लेख तिच्यासाठी नाही. ज्यांची वरची प्लेटच चंदेरी स्टेनलेस स्टीलची आहे त्यांच्यासाठी आहे.

स्टेनलेस म्हणजे लोखंडच, पण त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. ह्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की वर एक पातळ थर तयार होतो, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि तो थर आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा आपोआप धरतो. फक्त त्याला दोन गोष्टी लागतात, स्वच्छ पृष्ठभाग आणि हवा. आणि त्याचा वैरी म्हणजे क्लोराइड, म्हणजे मिठातलं तेच. मीठ जिथे बसून राहतं तिथे हा थर फुटतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडायला सुरुवात होते.

बाजारात साधारण चार प्रकार भेटतात. ३०४ म्हणजे ज्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, भांड्यांवर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच. ३१६ मध्ये वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते समुद्राकाठी जास्त टिकतं पण महाग. २०२ स्वस्त, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. ४३० ला लोहचुंबक चिकटतं. आता लोकं लोहचुंबक घेऊन दुकानात जातात आणि चिकटलं नाही की खूश होऊन घेऊन येतात, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने ३०४ आणि २०२ मधला फरक कळत नाही. आम्हाला एका फॅब्रिकेटरने ३०४ सांगून जे पाय बसवून दिले ते दोन पावसाळ्यांत तांबूस झाले आणि प्लेट मात्र ठणठणीत, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. म्हणून बनवून घेत असाल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या, प्लेटचा वेगळा, बॉडीचा वेगळा. आणि नटबोल्टसुद्धा स्टेनलेसचे मागा, कारण साधे लोखंडी बोल्ट स्टीलमध्ये बसवले की ते जास्तच वेगाने गंजतात आणि त्यांचं तांबडं पाणी खाली ओघळून सगळं खराब दिसतं.

काय काय जवळ ठेवायचं

फार काही लागत नाही. लांब दांड्याची सपाट पट्टी, रंगारी लोक पुट्टी भरायला वापरतात तशी चार इंची पट्टीही चालते पण ती स्टेनलेसची हवी, पात्याचे कोपरे कानशीने जरा गोल करून घ्या म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. नारळाचा काथ्या, हा माझा सगळ्यात आवडता, तव्यावर चरा उमटत नाही आणि वापरून झाला की फेकता येतो. भांड्याचं लिक्विड. खायचा सोडा. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. दोन सुती फडकी, जुना पंचा फाडून केलेली सगळ्यात छान, एक पाणी पुसायला आणि एक तेलाचं, ही दोन कधी एक करायची नाहीत. स्टीलची जाळीदार घासणी असू द्या, पण ती चिवट डागालाच.

लोखंडी तारेचा चोथा मात्र नको म्हणजे नको. त्याचे बारीक कण तव्यात रुतून बसतात आणि मग तेच कण गंजतात, आपण म्हणतो तवा गंजला. हिरवी घासणीही मी प्लेटवर वापरत नाही, तिच्यात खरखरीत पूड असते आणि तिने बारीक चरे पडतात, आणि चऱ्यांत मग तेल आणि मीठ दोन्ही बसतं.

नवीन तवा आला की

नवीन प्लेटवर पॉलिश करतानाचं मेण, तेल, धूळ असते, कधी वर प्लास्टिकची फिल्म असते. फिल्म गरम करायच्या आधी पूर्ण काढा, कोपऱ्यातलीसुद्धा, नाहीतर ती वितळून चिकटते आणि मग काढता काढता जीव जातो. मग गरम पाणी आणि लिक्विडने दोनदा धुवा, पुसा, मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, थोडा वास येईल, तो जाऊ द्या. त्यानंतर चमचाभर रिफाइंड तेल, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, फडक्याने अगदी पातळ फिरवा आणि हलका धूर दिसेपर्यंत तापवून बंद करा. असं दोन तीन वेळा.

इथे एक गैरसमज आहे. बिडाच्या तव्यासारखा स्टीलचा तवा काळा कुळकुळीत होऊन जन्मभर नॉनस्टिक राहील असं नाही. स्टीलचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तेलाचा थर त्यावर तितका घट्ट धरत नाही, साबणाने घासलं की बराचसा जातो. त्यामुळे त्या थरासाठी जीव टाकू नका. स्टीलवर चिकटू नये म्हणून करायचं ते एवढंच, तवा नीट तापवा, पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळायला लागला की आच जरा कमी करा, मग तेल, मग घावन. आणि मासा उलटायची घाई करायची नाही, खालून खरपूस झाला की तो आपला आपण सुटतो. चिकटलंच नाही तर घासायचं कामही अर्धं होतं.

रोजचं घासणं, म्हणजे स्वयंपाक झाल्या झाल्या

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि हाच नीट केला तर बाकीचं जवळजवळ करावंच लागत नाही. मला ह्याला पंधरा वीस मिनिटं लागतात.

शेवटचा घाणा उतरला की गॅस बंद करा, आणि बंद करायच्या आधीच एका छोट्या पातेल्यात लीटरभर पाणी त्याच तव्यावर कोमट करून घ्या. ते लागणार आहे. तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतायचं नाही, हे मी आमच्या घरच्या पोरांना शंभरदा सांगितलंय. स्टील तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त पसरतं, आणि त्यातून उष्णता वाहते मात्र हळू. आमच्यासारखी तीन फुटी प्लेट २०० अंशांनी तापली तर लांबीत जवळपास ३ मिलिमीटर वाढते. आता मध्येच एका ठिकाणी बादलीतलं गार पाणी पडलं की तो भाग आकसतो आणि बाजूचा आकसत नाही, धाडकन आवाज येतो आणि प्लेटला पोक येतो. एकदा पोक आला की तेल नेहमी एकाच कोपऱ्यात जमणार आणि घावन एका बाजूला जाड होणार, ते परत सरळ होत नाही.

गॅस बंद केल्यावर साधारण पाच ते सात मिनिटं थांबा. घड्याळ नको, थेंबाने बघा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो गोळा होऊन इकडेतिकडे पळाला तर तवा अजून फार तापलाय. थेंब पडल्या जागी पसरून चुर्रर्र करून आटला की ती वेळ बरोबर. आणि थेंब नुसताच बसून राहिला तर उशीर झाला, तेल घट्ट व्हायला लागलं, मग परत दोन मिनिटं मंद पेटवा आणि बंद करा.

आता आधी कोरडंच खरवडा. पट्टी आडवी धरा, तव्याशी तीसेक अंशांचा कोन, आणि मागून पुढे, खाचेच्या दिशेने. रव्याचे कण, जळकी कोथिंबीर, कांद्याचे तुकडे, ही सगळी खरवड आधी ट्रेमध्ये जाऊ दे. मग अर्धा कप कोमट पाणी, अर्धाच, लांबच्या कडेपासून सुरुवात करून ओता. वाफेचा लोट वर येतो म्हणून तोंड आणि हात बाजूला ठेवा, लांब बाह्यांचा जुना शर्ट घालायचा, वाफेनेही वाईट भाजतं. पाणी उकळता उकळता चिकटलेलं सैल होतं आणि पट्टीने ते पाण्यासकट पुढे ओढायचं. परत अर्धा कप, परत ओढायचं. तीन चार वेळा केलं की पाणी जवळजवळ स्वच्छ यायला लागतं.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात, विशेषतः स्टॉलवाले, त्यांचं बरोबर आहे कारण त्यांचा तवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत पेटतो. आपला तवा पुढचा महिनाभर पेटणार नसतो. म्हणून आपल्याला मीठ धुवावंच लागतं. बोंबलाला लावलेलं मीठ, भाजीतला टोमॅटो आणि मीठ, चाट मसाला, हे सगळं त्या ओशट पाण्यात विरघळून तव्यावरच सुकतं आणि डोळ्याला दिसत नाही. तव्याला हात लावता येईल इतका निवला की कोमट पाण्यात लिक्विड घालून काथ्याने घासा. तव्यावर नीट बघितलंत तर एका दिशेने बारीक रेषा दिसतात, पॉलिशच्या, त्या रेषांच्या दिशेनेच घासा, गोल गोल नाही. गोल घासल्याने चरे पडतात आणि ते उन्हात लगेच दिसतात.

मग साध्या पाण्याने दोनदा. दोनदा का तर साबणही राहिला की पांढरट पट्टे येतात आणि पुढच्या वेळी पहिल्या घावनाला त्याचा वास लागतो. पाणी कुठलं वापरताय तेही बघा. पालिकेचं नळाचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा ह्या तलावांचं, त्यात क्षार कमी, ते उत्तम. पण आमच्यासारखं समुद्राजवळ बोअरिंगचं पाणी असेल तर ते मचूळ असू शकतं, फ्लशला ठीक, शेवटची धार मात्र नळाच्या पाण्याचीच द्या. टँकरच्या पाण्यानेही बऱ्याचदा पांढरे ठिपके पडतात.

पुसा. लगेच पुसा, वाऱ्यावर सुकायला सोडू नका. खाच, कोपरे, प्लेट आणि बॉडीच्या मधली फट, नटांच्या भोवती, इथे फडक्याचं टोक घालून पुसा, कारण गंज नेहमी अशाच जागी सुरू होतो जिथे ओल अडकते आणि हवा पोचत नाही. मग बर्नर बारीक करून दोन मिनिटं, फटीतलं पाणीही उडून जातं. आणि शेवटी तेल, तीन फुटी प्लेटला अर्धा चमचा पुरतं. तेलाच्या फडक्याने सगळीकडे लावा आणि मग त्याच फडक्याच्या कोरड्या बाजूने असं पुसा की जणू तेल लावलंच नव्हतं. जास्त तेल ठेवलं तर आठवड्याभरात ते मेणचट होतं, त्याला खवट वास येतो, धूळ चिकटते, झुरळं येतात. खोबरेल घाण्याचं असेल तर मी नाही लावत, ते लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा सगळ्यात बरं.

चिवट, जळकं, काळं पडलेलं

दोन तीन महिन्यांनी बर्नरच्या बरोबर वर दोन काळे गोल तयार होतात, तिथे तेल भाजून भाजून वार्निशसारखं झालेलं असतं. हे दिसायला वाईट पण धोक्याचं नाही, सवडीने काढा.

तवा कोमट असताना खायच्या सोड्याची पेस्ट लावा, तीन चमचे सोड्याला एक चमचा पाणी, जाडसर, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट. अर्धा तास ठेवा, सुकायला लागली तर वर ओलं फडकं टाका. मग काथ्या, आणि काथ्याने नाही गेलं तर स्टीलची जाळी, रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, दोनदा तीनदा करावं लागलं तर करा पण एकदाच जोर लावून खरडू नका. घावनाचं किंवा थालीपिठाचं पीठ वाळून बसलं असेल तर त्याला सोडाही नको, नुसतं ओलं फडकं अर्धा तास टाकून ठेवा, फुगून सुटतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची जी पद्धत सगळीकडे दाखवतात, फेस येतो आणि बघायला मजा येते, ती करू नका असं मी म्हणेन. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. तेलासाठी सोडा, तो धुवून टाकायचा, आणि पांढऱ्या क्षारांसाठी नंतर वेगळं व्हिनेगर, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, दहा मिनिटं, मग धुवा.

कधी कधी तव्यावर सोनेरी, जांभळे, निळे पट्टे येतात, इंद्रधनुष्यासारखे. आमच्या वहिनीला वाटलं होतं तवा वाया गेला. तसं नाही, रिकामा तवा फार तापला की वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यावरून प्रकाश तसा दिसतो, साधारण ३०० अंशांच्या आसपास पिवळट सोनेरी सुरू होतो आणि अजून तापवलं तर जांभळा, निळा. फिकट पट्टे व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने जातात, अर्ध्या लीटरला एक मोठा चमचा. गडद निळे पूर्ण जात नाहीत, राहू द्या. पण ते आले म्हणजे तुम्ही गॅस गरजेपेक्षा जास्त ठेवताय आणि तवा रिकामा तापवताय, तेवढं बदला.

हे कधीच लावू नका

टॉयलेट आणि टाइल्स साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचमध्ये क्लोरीन असतो. दोन्ही स्टीलला आतून खातात, पहिल्या मिनिटाला तवा चकाचक दिसतो म्हणून लोकांचा विश्वास बसतो आणि महिन्याभरात बारीक खळगे दिसायला लागतात. आमच्याकडे एकदा गच्ची धुणाऱ्याने मदत म्हणून तव्याच्या पायांवर टाइल्सचं ॲसिड मारलं होतं, बिचाऱ्याचा हेतू चांगला होता, पण ते पाय आजही खरबरीत लागतात. आणि ॲसिड आणि ब्लीच एकावर एक तर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो, उघड्या गच्चीवरसुद्धा तो छातीत जातो.

दुसरं म्हणजे चिंच आणि मीठ. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिंच लाव मीठ घालून, आमची तांब्याची घागर कशी लखलखायची." घागरीचं खरं आहे, तांब्या-पितळेला चिंचमीठ उत्तमच. पण इथे आपण ज्या मिठापासून तवा वाचवतोय तेच चोळून लावायचं आणि त्यात आंबट, म्हणजे सगळं उलटंच. मी त्यांना म्हटलं, आई, नुसती चिंच लावूया, मीठ नको. नुसती चिंच किंवा आमसुलाचं पाणी चालतं, पाच दहा मिनिटं, आणि मग भरपूर पाणी. त्या पद्धतीने पांढरे ठिपके गेले, आता त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

तांबूस डाग दिसले तर

आधी नखाने बघा. डागावरून नख सरकत गेलं, कुठे अडकलं नाही, तर तो वरवरचा आहे. समुद्राकाठच्या स्टीलला हे होतंच. सोड्याच्या पेस्टने घासा, नाही गेला तर लिंबूसत्त्वाचं पाणी फडक्यावर घेऊन वीस मिनिटं डागावर ठेवा, मग काथ्याने रेषेच्या दिशेने, धुवा, पुसा, आणि मग लगेच तेल नका लावू. एक दिवस कोरड्या हवेत उघडा राहू दे, तो क्रोमियमचा थर परत धरायला हवा लागते. दुसऱ्या दिवशी तेल.

नख अडकलं तर तिथे खळगा पडलाय. घरच्या उपायाने खळगा भरत नाही, पण त्यातला गंज काढून जागा कोरडी ठेवलीत तर तो वाढायचा थांबतो. बरेच खळगे असतील तर बफिंगवाल्याकडे प्लेट काढून न्या आणि त्याला सांगा की ज्या चाकावर लोखंड घासलंय ते चाक स्टीलला लावायचं नाही, नाहीतर चोथ्याचीच गोष्ट परत होते.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा लक्षात आली. मला वाटायचं गंजाचा मोसम म्हणजे पावसाळा. पण उघड्यावर पडलेल्या पाण्याने मीठ धुवून जातं. नोव्हेंबर ते मे पाऊस नसतो, दुपारनंतर समुद्राचा वारा येतो, मीठ थरावर थर बसत राहतं आणि धुवायला कुणी नसतं, आणि सगळ्यात जास्त डाग मला नेहमी सापडतात ते प्लेटच्या खालच्या बाजूला, छपराच्या आडोशाला, म्हणजे जिथे पाऊस पोचतच नाही तिथे. मग पहिला पाऊस येतो, हवा ओलसर होते, आणि साठलेलं मीठ कामाला लागतं. म्हणून कोरड्या महिन्यांत, तवा वापरला असो नसो, दर आठ पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने बॉडी, पाय, खालची बाजू पुसायची आणि मग कोरड्याने. दहा मिनिटांचं काम आहे.

बर्नर, ट्रे आणि गॅस

ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करा, त्याच रात्री. आमच्याकडे उंदीर आहेत, मुंबईत कुणाकडे नाहीत. तेल मोरीत ओतायचं नाही, ते पुढे पाइपात गोठतं आणि खालच्या मजल्यावरच्यांचं पाणी तुंबतं. जुन्या पेपरात किंवा लाकडाच्या भुशात शोषून ओल्या कचऱ्याबरोबर द्या.

बर्नर बहुतेक बिडाचे किंवा साध्या लोखंडाचे असतात, त्यांना पाण्याने धुवायची गरज नाही. निवल्यावर काढा, कोरड्या ब्रशने घासा, भोकं बुजली असतील तर पिनेने मोकळी करा पण मोठी करू नका. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब, फडफडती ज्योत म्हणजे हवा कमी मिळतेय, तीच प्लेटच्या खाली काजळी धरते. बरेच महिने पडून असलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, आमच्याकडे दोनदा झालंय, तेव्हा पेटवायच्या आधी नळीत बघा.

रबरी नळी वाकवून बघा, भेग दिसली की बदला, आणि भेग नसली तरी पाच वर्षांनी बदला. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा, काडी ओढून कधीच पाहू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, त्यामुळे गच्चीचा कठडा बंद असेल तर कोपऱ्यात साठू शकतो. वास आला की रेग्युलेटर बंद, आणि १९०६ हा गॅस गळतीसाठीचा इमर्जन्सी नंबर आहे, तो गच्चीच्या दाराच्या आतून लिहून ठेवलाय आम्ही. काम झालं की रेग्युलेटर काढून सिलिंडर बाजूला उभाच ठेवा, आडवा नाही.

पावसाळ्यात ठेवताना

शक्य असेल तर प्लेट उचलून घरात आणा. आमची प्लेट दोघांना उचलते, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली येते आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहते, दोन बाजूंना सुती चादर, प्लास्टिक नाही. जमिनीला टेकते तिथे लाकडाच्या दोन पट्ट्या.

गच्चीवरच ठेवायचं असेल तर ताडपत्री थेट तव्यावर टाकू नका. ती दिवसा तापते, रात्री आतून घाम धरते आणि तो घाम तव्यावर ठिबकतो, माझे पहिले डाग तसेच आले होते. तव्यावर दोन बांबू आडवे टाका, त्यावर ताडपत्री, खालून वीतभर उघडी, हवा खेळली पाहिजे. दोरी बांधा पण गुंडाळू नका. पायांखाली विटा द्या, गच्चीवर पाणी तुंबतं तेव्हा पाय त्यात उभे राहायला नकोत. आणि पावसाने तीन चार दिवस उघडीप दिली की ताडपत्री काढून ऊन दाखवा, फडकं फिरवा, तेल कमी झालं असेल तर परत पातळ हात.

नवरात्र संपली की आम्ही प्लेट वर नेतो. नळीतलं जाळं बघायचं, नळी वाकवून बघायची, जोडांना साबण लावायचा, जुनं तेल खवट झालेलं असतं ते लिक्विडने धुवून काढायचं, पुसायचं, दोन्ही बर्नर मंद पेटवून दहा मिनिटं तापवायचं. मग थेंब टाकायचा. तो पळाला की आच कमी करायची आणि कांद्याचा अर्धा तुकडा तेलात बुडवून सगळीकडे फिरवायचा. पहिलं घावन तरी थोडं चिकटतंच, ते गच्चीवरच्या कावळ्याला. दुसऱ्यापासून माणसांना वाढायचं.